कोण सीटी मारे छे?

हल्लीच्या लॅपटॉपला भोकं उरली नाहीत. पूर्वी लॅपटॉपच्या कमरेला चाळणीसारखी भोकं असायची. हे प्रिंटरचं, हे पडद्याचं, हे माउसचं. त्यातच एक भोक असं होतं की लॅपटॉप विकणाऱ्यालाही त्याचा उपयोग धड ठाऊक नसायचा. चौकोनी, छोटंसं, कडेला एकटं बसलेलं. लग्नात वरपक्षाचा एखादा लांबचा काका असतो आणि त्याला जेवलात का म्हणून कोणीच विचारत नाही, तसं. गिऱ्हाईक विचारायचं, "भटूभाऊ, हाई कसानं शे?"

मी डोळे बारीक करायचो, आवाज खाली आणायचो. "हाई टेलिफोननं शे. याच्यातून लॅपटॉप बोलस."

"बोलस?"

"शिट्टी मारस."

मग गिऱ्हाईक एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचं, आणि दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवावा याचा विचार करत घरी जायचं.

शहाद्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घरची तापीकाठची शेती थोरल्या भावाकडे, आणि माझ्याकडे पेचकस. दोघेही आपापल्या जागी सुखी आहोत. दुकान सुरू केलं तेव्हा कॉम्प्युटर कमी आणि हात रिकामा, म्हणून सोबत एक फॅक्स मशीन ठेवलं होतं. ज्यांनी फॅक्स पाहिलाच नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगतो. फॅक्स म्हणजे कागदाचं फोनवरून केलेलं वर्णन. मशीन कागद ओळीओळीने वाचतं, इथे काळं, इथे पांढरं, पुन्हा काळं, आणि हे सगळं शिट्ट्यांच्या भाषेत फोनमध्ये सांगत सुटतं. पलीकडचं मशीन ते ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवतं. दोन शेजारणी तिसरीच्या लुगड्याचं वर्णन करतात ना, तसंच. फक्त मशीन पदरचं काही घालत नाही.

या मशीनपुढे मी काय काय माणसं पाहिली! एक किराणा दुकानदार व्याह्यांच्या घरी सांत्वनाचा फॅक्स करायला आला होता. कागद माझ्या हातात देऊन हळूच म्हणाला, "भटूभाऊ, जरा धीरे धीरे धाडा. दुखना शे." मी तोंड गंभीर करून कागद शक्य तितक्या हळू सरकवला. त्याचं समाधान झालं. आणि एक होते आमचे शाळेतले मराठीचे गुरुजी. निवृत्त झाले तरी पेन्शनच्या पाठपुराव्याचे फॅक्स करायला यायचे, आणि कागद मशीनमध्ये अर्धा गेलेला असताना किंचाळायचे, "थांब! स्वल्पविराम राहिला!" आता ओढलेला कागद बाहेर कसा काढणार? पण गुरुजी ऐकायचे नाहीत. "भटू, स्वल्पविराम म्हणजे काय?" भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा मी हात मागे बांधून सांगायचो, "थोडं थांबणं, गुरुजी." हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे. मलाही पडलं.

पण आमच्या धंद्याचा खरा प्राण दोन शब्दांत होता. टोन द्या.

त्याचं असं आहे. फॅक्सची रीत म्हणजे या मशीनने त्या मशीनला फोन लावायचा, त्याने उचलायचा, आणि दोघांनी आपसात काय ते बघून घ्यायचं. माणसाने मध्ये पडायचं नाही. पण आपल्याकडे लाइन एकच. त्याच लाइनवर सासूबाईंचा फोन येणार, त्याच लाइनवर फॅक्स. मशीन ऑटोमॅटिकवर ठेवलं तर सासूबाईंच्या कानात शिट्टी! म्हणून सगळीकडे मशीन हातचालू ठेवलेलं. फोन वाजला की माणूस उचलणार, हॅलो म्हणणार, आणि पाठवणाऱ्याने म्हणायचं, "फॅक्स टोन द्या." मग तो बटण दाबणार, शिट्टी येणार, आणि तेव्हा कुठे कागद हलणार. सीमेपलीकडे गुजरातेत फोन लावला तर "टोन आपो." हे शब्द मी इतक्यांदा म्हटले होते की एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला वरण मागायच्या जागी मी म्हणालो, "टोन द्या." बायको, म्हणजे मंगला, समोरच्या ओळीत बसली होती. ती अजून सांगत असते.

आता मूळ गोष्ट.

धडगावच्या एका सरकारी कचेरीत वसंतआप्पा लिपिक होते. माझ्या आतेभावाचे सासरे, त्यामुळे माझेही आप्पा. तेव्हा धडगावात मोबाइलची रेंज नव्हती. होती ती फोनची एक तार, डोंगर चढून दमलेली. कचेरीतल्या फॅक्स मशीनमध्ये पालीने संसार थाटला आणि एके दिवशी संसारासकट मशीन जळालं. कचेरीला नवा लॅपटॉप मात्र मिळालेला होता. आप्पा शहाद्याला आले असताना मी सहज बढाई मारली, "मशीन कसाले जोयजे? लॅपटॉपले भोक शे ना. तोच फॅक्स करी."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "भटू, तू बोलस भारी. वर ईसन दखाड."

आलीया भोगासी म्हणत मी वर निघालो. जीपमध्ये माझ्या मांडीवर स्कॅनर, म्हणजे कागदाची छबी लॅपटॉपमध्ये उतरवणारं चपटं यंत्र. घाटाच्या पहिल्याच वळणाला शेजारच्या आजींनी त्याच्यावर कोंबडीची टोपली ठेवली. चांगली सपाट जागा दिसली, त्यांना वाटलं गाडीवाल्याने सोय केलीय. धडगावला उतरलो तेव्हा स्कॅनरच्या काचेवर पिसं होती. पुसली. यंत्र चाललं. मी त्या यंत्राला मनोमन नमस्कार केला आणि कोंबडीलाही.

कचेरीत गेलो, फोनची तार काढून लॅपटॉपच्या त्या एकट्या काकाला लावली, आणि नंबर फिरवायला सांगितलं. लॅपटॉपने पाटी दाखवली, डायल टोन नाही. आता फोन कानाला लावला तर घूंऽऽ आवाज व्यवस्थित येत होता. फक्त आमच्या डोंगरातल्या लाइनचा घूं जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. लॅपटॉप शहरात जन्मलेला. त्याला स्वच्छ गळ्याची सवय. तो म्हणणार, हा काही घूं नव्हे. अशा वेळी आत खोलवर एक खूण असते, 'नंबर फिरवण्याआधी डायल टोनची वाट पाहा.' ती काढून टाकली की लॅपटॉप हट्ट सोडतो. खूण काढली. आमच्या दुकानाचा नंबर फिरवला. लॅपटॉपच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून पलीकडची घंटा ऐकू आली, मग शिट्टी, मग दुसरी शिट्टी, मग दोघांची खरखर. कागद गेला! आप्पांनी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मी टेबलासमोर कमरेत वाकून मुजरा केला. खरं सांगायचं तर ते मशीन ऑटोमॅटिकवर होतं म्हणून गेला. "दिवसभर तुमच्या शिट्ट्या मी ऐकणार नाही," असं मंगलाने एकदा बजावलं होतं, तेव्हापासून माझ्या दुकानातलं मशीन स्वतःच फोन उचलायचं. पण यशाच्या त्या क्षणी एवढा बारीक विचार कोण करतो?

हे सगळं नाटक चाललेलं असताना व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मुजरा झाला तशी ती दारात आली आणि म्हणाली, "झाला का तुमचा खेळ? आता माझा कागद पाठवा."

ही ठुमलीबाई. तोरणमाळकडच्या एका पाड्यावरची पावरा आदिवासी बाई, मराठी आणि अहिराणीची गाठ मारून बोलणारी. तिचा नवरा जात्र्या आपली बैलजोडी घेऊन गुजरातेत एका बागायतदाराकडे हंगामाला गेला होता. हंगाम संपला, तसा बैल हाकत पायी घरी निघाला. सीमेजवळच्या एका पोलीस ठाण्याने त्याला अडवलं. बैल कोणाचे? माझे. कागद? आता बैलाचा कागद कोण कमरेला बांधून फिरतं? त्यांना वाटलं, चोरीचे असतील. चौकीतल्या जमादाराने, म्हणजे आपल्याकडच्या हवालदाराने, सांगितलं, तुझ्या तालुक्याहून दाखला आण. सांजेपर्यंत आला तर ठीक. सांजेला पांजरापोळाची, म्हणजे पकडलेली गुरं ठेवणाऱ्यांची, गाडी येते, ती बैल घेऊन जाईल. मग ते सोडवायला कोर्ट, वकील आणि किती तारखा, देव जाणे. पेरणी तोंडावर आलेली. बैल गेले तर रान पडीक आणि दोघांनी पुन्हा वर्षभर परमुलखात.

एका जीपवाल्याने हा निरोप ठाण्याच्या फॅक्स नंबरासकट पाड्यावर पोचवला होता. ठुमलीबाई सरपंचाकडून बैलांच्या खाणाखुणा लिहून घेऊन आली होती. एकाचं डावं शिंग मोडकं, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा टिळा. साहेबांनी बैठकीला जायच्या आधी सही-शिक्का करून दिला होता. राहिलं होतं ते पाठवणं.

"बस ताई," मी म्हणालो, "आते पोचाडस. पापणी लवायच्या आत."

माणसाने असं बोलू नये. पण मुजऱ्याची धुंदी उतरलेली नव्हती.

कागद स्कॅन केला, आणि त्याच घटकेला लाइट गेली. मी अजिबात डगमगलो नाही. लॅपटॉपला बॅटरी असते आणि टेलिफोन तारेतूनच आपली वीज आणतो. "मशीन असतं तर बसला असतात बोंबलत," मी आप्पांना ऐकवलं आणि ठाण्याचा नंबर फिरवला. घंटा वाजली. लॅपटॉपच्या पोटातून आवाज आला:

"हॅलो! कोण बोले छे?"

लॅपटॉप म्हणाला, "पीं."

"हॅलो? कोण?"

"पीं."

खाट! फोन ठेवला.

फॅक्स पाठवणारं यंत्र थोड्या थोड्या वेळाने एक बारीक शिट्टी देत असतं. मी फॅक्स आहे, मी फॅक्स आहे, असं ते सांगत असतं. पलीकडे मशीन असेल तर त्याला कळतं. इथे जमादार होता.

"परत लाव," आप्पा म्हणाले. "त्याले कळी जाई."

परत लावला. "हॅलो!" "पीं." "अल्या, कोण सीटी मारे छे?" "पीं." "पोलीसने सीटी मारे छे? शरम नथी आवती?" "पीं," लॅपटॉप प्रामाणिकपणे म्हणाला.

तिसऱ्या वेळी जमादाराने जे म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. लॅपटॉपच्या दिशेने बघत ठुमलीबाई म्हणाली, "हा बाप्या चिडला. आता माझ्या माणसाला मारेल."

माझी धुंदी तिथे उतरली. मी लॅपटॉपची तार काढली, साधा फोन जोडला आणि ठाण्याला लावला. माझ्या आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे गुजराती मला मामाच्या गावची आहे. मी आवाजात होतं नव्हतं तेवढं तूप ओतलं. "जमादारसाहेब, धडगावथी बोलुं छुं. जात्र्याना बळदनो दाखलो मोकलवानो छे."

पलीकडून लगेच, "एटले सीटी तमे मारता हता!"

"अमे नहीं, साहेब. मशीन मारे छे. मशीनने बोलतां आवडतुं नथी."

"तो शीखवाडो!" बोलता येत नसेल तर शिकवा, असं जमादार गरजला. मग म्हणाला, या बैलवाल्याला मी विचारलं, तुमच्या गावात शिट्टी कोण मारतं? तर हा म्हणतो, बधा मारे छे! सगळेच मारतात! पोलिसांची मस्करी करतो का हा?

मी फोनवर हात ठेवून ठुमलीबाईला विचारलं, "ताई, तुमच्या पाड्यावर शिट्टी कोण मारतं?"

"सगळेच मारतात," ती म्हणाली. "या डोंगरावरून त्या डोंगरावर बोलायचं तर काय घसा फोडायचा? पण तुम्हाला आता हे कशाला?"

मी जमादाराला सांगितलं की साहेब, तुमचा माणूस खरं बोलतोय, आणि असा खरं बोलणारा माणूस बैल चोरेल का? जमादार जरा वरमला असावा. म्हणाला, टोन देतो, पण सरकारी माणूस बोलला पाहिजे, कुठल्याही शिट्टीवाल्याला मी टोन देणार नाही. आणि लवकर करा. पाच मिनिटांनी फोन करा, तोवर मी कागदाची गुंडाळी भरतो.

म्हणजे बोलायचं आप्पांनी, आणि आप्पांना टोन मिळाला की त्याच चालू फोनवर लॅपटॉपने ताबा घ्यायचा. पण लॅपटॉपला एवढंच ठाऊक की आधी नंबर फिरवायचा. लागलेल्या फोनवर त्याने पुन्हा नंबर फिरवला तर जमादाराच्या कानात आकड्यांची पिपाणी! आणि नंबरचा रकाना रिकामा ठेवला तर लॅपटॉप जागचा हलेना. मी डोकं धरून बसलो. आणि कुठून तरी, खरं म्हणजे आतून, गुरुजींचा आवाज आला. स्वल्पविराम म्हणजे काय?

थोडं थांबणं!

त्या रकान्यात आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम टाकला की लॅपटॉप तेवढा वेळ थांबतो, ही गोष्ट मला माहीत होती. ज्या कचेरीत बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य फिरवावं लागतं, तिथे शून्यापुढे स्वल्पविराम द्यायचा, ही आमची नेहमीची युक्ती. पण आकडे मुळीच नाहीत आणि नुसताच स्वल्पविराम? कोणी केलं नव्हतं. मी केलं. त्या लांबलचक रकान्यात एकच स्वल्पविराम, रिकाम्या रानात सोडलेल्या कोकरासारखा. लॅपटॉपने तो मान्य केला! मी ओरडलो, "गुरुजी, राहिला नाही!" आप्पांना वाटलं, माझ्यावर परिणाम झाला.

फोनची तार सोलून मी साधा फोन आणि लॅपटॉप एकाच लाइनवर जोडले. आप्पांनी फोन लावला. "जमादारसाहेब, मैं धडगावसे, सरकारी आदमी. टोन आपो."

"आपुं छुं."

शिट्टी आली! मी बटण दाबलं. लॅपटॉप थोडा थांबला, मग त्यानेही शिट्टी दिली. दोन्ही शिट्ट्या जुळल्या, खरखर सुरू झाली, मी हाताने आप्पांना खूण केली, ठेवा, आता फोन ठेवा.

आता आमच्या खानदेशात फोन ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्यात फोन असा ठेवत नाहीत. आधी म्हणायचं, बरं मंग. पलीकडचा म्हणतो, बरं मंग. मग, ठेवू का? ठेवा. ठेवस मंग. घर कोनी कोनी शे? सगळा मजामा? मग पुन्हा पहिल्यापासून. कारण नुसता फोन ठेवला तर समोरच्याला वाटतं, रागावला. आप्पांचं आयुष्य या रीतीत गेलेलं. शिट्टीच्या ऐन मध्यावर, दोन मशीनं जीव तोडून बोलत असताना, आप्पा फोनमध्ये मोठ्याने म्हणाले, "बरं मंग जमादारसाहेब, धन्यवाद बरं का! चहापाणी झालं? ठेवू मंग?"

"आप्पाऽऽ!"

फोन ठेवला, पण झालं ते झालं होतं. पुन्हा लावला. जमादार म्हणाला, "आव्युं तो खरुं. पण एक बळद आव्यो, बीजो काळो थई गयो!"

मोडक्या शिंगाचा बैल पोचला होता. टिळ्याचा बैल आणि खालचा शिक्का आप्पांच्या चहापाण्याखाली काळाकुट्ट झाला होता.

"पुन्हा पाठवतो साहेब."

"जल्दी करो. गाडी आवी गई छे."

गाडी आली हे मी मराठीत सांगण्याची गरजच पडली नाही. जमादाराचा आवाज फोनबाहेर येत होता, आणि ठुमलीबाईने ते गाडी शब्दावरूनच ओळखलं. ती एकदम टेबलाशी आली. इतका वेळ ती भिंतीशी होती, आता माझ्या खांद्याशी. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. ते मी कोणाला दाखवलं नाही, पण तिने विचारलंच, "हे लाल काय आहे?"

"त्याला भूक लागलीय."

"मग त्याला म्हणावं, आधी काम, मग भाकर."

आप्पा अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "भटू, मी काही बोलत नही आते. पन तोंडले सवय शे ना."

"तोंड मी बघते," ठुमलीबाई म्हणाली. आणि तिने खरंच बघितलं. आप्पांनी फोन लावला, "टोन आपो" म्हटलं, पलीकडून शिट्टी आली, आणि त्याच क्षणी बाईने फोनच्या बोलायच्या टोकावर आपला अख्खा तळहात दाबून धरला. आप्पांचे ओठ हललेले मी पाहिले. बरं मंग, असंच हलले. पण एक अक्षर तारेत गेलं नाही. मी बटण दाबलं. स्वल्पविराम थांबला. शिट्टीला शिट्टी मिळाली. खरखर.

मी आयुष्यात खूप आवाज ऐकलेत, पण त्या खरखरीएवढं लांबलेलं गाणं मी ऐकलं नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर एक पट्टी पुढे सरकत होती. मोडकं शिंग गेलं असेल. आता टिळा. ठुमलीबाई हात हलवेना, आप्पा श्वास घेईनात, मी डोळे मिटले. बाहेर कोणाची तरी जीप हॉर्न मारत होती. तिला गप्प करायची माझी फार इच्छा झाली. आणि मग एक छोटीशी 'टुक' आणि शांतता. पट्टी पूर्ण भरली होती. मी म्हणालो, "गेलं." लॅपटॉपने ते ऐकलं आणि त्याचा पडदा काळा झाला. बॅटरी संपली होती.

आता ते पोचलं का, कसं पोचलं, हे फक्त जमादारालाच ठाऊक. मी आप्पांच्या हातातला फोन घेऊन पुन्हा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलेना. ठुमलीबाईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. घंटा बंद पडली, पुन्हा लावला. वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग धावत आल्यासारखा जमादाराचा आवाज आला.

"अरे, उभा तो रहो! हुं बहार बळदनुं कपाळ जोवा गयो हतो!"

बैलाचं कपाळ बघायला बाहेर गेला होता. कागद एका हातात धरून जमादार बैलांसमोर उभा राहिला होता, शिंग मोडकं आहे का, टिळा आहे का, ताडून बघत. सगळं बरोबर होतं. शिक्का दिसत होता. पांजरापोळाची गाडी रिकामी परत फिरवली होती. "लई जा तारा बळद," असं त्याने जात्र्याला सांगितलंही होतं.

मी हे मराठीत सांगितलं. आप्पा मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी इतक्या मोठ्याने सुस्कारा टाकला की टेबलावरचे कागद उडाले. मी पुन्हा मुजरा करणार होतो, पण मागचा मुजरा आठवला. धंद्यात मला पुष्कळदा वाहवा मिळाली आहे, पण असं मोकळं मोकळं, अंगावरची पोती कोणी उतरवून घेतल्यासारखं, क्वचितच वाटलं.

जमादारही आता सैल झाला होता. म्हणाला, बैलवाला इथेच उभा आहे, घरचं कोणी असेल तर द्या, बोलू दे. मी फोन ठुमलीबाईच्या हातात दिला.

तिने तो कानाला लावला. बोलली नाही. तिकडून जात्र्याही बोलेना. इतका वेळ आम्हाला झाडणारी बाई आता नुसता फोन धरून उभी. तिकडे जमादार ओरडत होता, ते मलाही ऐकू आलं, "अल्या, मूंगो केम छे? बोल ने!"

ठुमलीबाईने फोन तोंडासमोर धरला, दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की छपरावरची कबुतरं उडाली. खालून चढत जाणारी आणि शेवटी वळण घेणारी. पलीकडून, त्या दमलेल्या, घोगऱ्या तारेतून, लगेच तशीच शिट्टी आली. वळण फक्त उलट होतं.

आणि पाठोपाठ जमादाराचं गडगडाटी हसू. "आ वखते कोण सीटी मारे छे, ते मने खबर छे!"

मग ती आपल्या पावरी बोलीत दोन वाक्यं बोलली, उत्तर ऐकलं आणि फोन ठेवला. बरं मंग नाही, ठेवू का नाही, काही नाही. आप्पांना ते फार लागलं. तरी त्यांनी विचारलं, "काय म्हने जात्र्या? तुम्ही काय म्हन्या?"

"विचारलं, बैलांना पाणी पाजलं का. म्हणाला, पाजलं."

"आनि त्याले स्वतःले? त्याले काई भेटनं का खावाले-पेवाले?"

ठुमलीबाई पिशवी उचलत होती. जीपचा हॉर्न अजून वाजत होता आणि तिला तीच गाठायची होती.

"ते कशाला विचारू?" ती दारातून म्हणाली. "बैल मुके आहेत. त्याला तोंड आहे. आत्ताच ऐकलं ना तुम्ही?"